मागेल त्याला काम, पण कुणाच्या पैशाने?

महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने या कराला घातलेली वरची मर्यादा १९८८ साली २५० वरून २,५०० झाली, ती आजही तेवढीच आहे. आयकर आणि भविष्य निर्वाह निधीच्या शेजारी ही रक्कम इतकी किरकोळ दिसते, की ती कशासाठी कापतात हे विचारायला कोणी थांबत नाही. ती कापायला सुरुवात झाली १९७५ साली, आणि कारण होतं खेड्यातल्या मजुराला काम देण्याचं. ठाण्याच्या बँकेतल्या कारकुनाने आटपाडीतल्या नालाबांधाचा खर्च उचलायचा, अशी ती योजना होती. शहराने खेड्यासाठी कर भरावा आणि तो कर कायद्याने त्याच कामाला बांधलेला असावा, असं स्वतंत्र भारतात फार कमी वेळा घडलं आहे.

देशाच्या ग्रामीण रोजगार धोरणाबद्दल गेलं वर्षभर जे बोललं गेलं, त्यात दिवसांचा आकडा सगळ्यात पुढे होता. आधी १०० दिवस मिळत, आता १२५ मिळणार. मला वाटतं हा आकडा या विषयातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. कामाची हमी टिकते की नाही, हे पैसे कोण घालतो आणि ते संपल्यावर काय होतं, यावर ठरतं. महाराष्ट्राला हे पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं.

दुष्काळात सरकारने कामं काढायची ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालेल्या दुष्काळ संहितांमध्ये खडी फोडण्याची, माती टाकण्याची कामं, त्यांची मजुरी, मजुरांच्या पोरांची व्यवस्था, सगळं लिहिलेलं होतं. पण काम कधी सुरू होणार हे सरकार ठरवायचं. आधी पिकांची आणेवारी निघणार, मग कलेक्टर दुष्काळ जाहीर करणार, मग कामं निघणार. तोवर माणसं गाव सोडून गेलेली असायची. मजुराला मागण्याचा अधिकार नव्हता, सरकारला दया आली की काम.

हे उलटं फिरवण्याची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची. सर्वोदयी वळणाचे पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. ज्या खुर्चीत बसून माणसाने घंटा वाजवायची आणि सदस्यांना खाली बसवायचं, त्या खुर्चीतून त्यांनी राज्याचा एक मूळ कायदा उभा केला. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत त्यांच्या आग्रहाने एक छोटा प्रयोग झाला: ज्याला काम हवं आहे त्याने सांगायचं आणि सरकारने ते गावाजवळ द्यायचं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी त्यात लक्ष घातलं. प्रयोग प्रयोगच राहिला असता. पण बहात्तर साल आलं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मराठवाड्यात एक वाक्य अजून ऐकू येतं: तेव्हा पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही. १९७० पासून सलग पावसाने दगा दिलेला होता. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. एका राज्यात, एका महिन्यात. बागायतदाराच्या घरच्या बायकाही डोक्यावर पदर ओढून खडी फोडायला बसल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात. इतक्या मोठ्या टंचाईत भूकबळींची लाट आली नाही, याचं श्रेय अभ्यासक आजही त्या कामांना देतात. आज ज्या पाझर तलावांत गुरं पाणी पितात आणि ज्या रस्त्यांवरून एसटी जाते, त्यांतले कितीतरी त्या दोन वर्षांतले आहेत.

दुष्काळ सरला, पण मजुरांनी शिकलेली गोष्ट पुसली गेली नाही. कामावर हजारो माणसं एकत्र येत होती, मुकादमाशी भांडत होती, हजेरीपटाची नक्कल मागत होती. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांना शेतमजुरांची संघटना बांधायला कधी मिळाली नव्हती अशी जागा मिळाली. तहसीलवर मोर्चे निघू लागले. १९७७ साली विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते देणं सरकारवर बंधनकारक. दिवसांची मर्यादा नाही. काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. तो भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता, आणि तो प्रत्यक्षात कुणाच्या हातात पडला असेल तर तो माणूस भाग्यवान म्हणायचा.

या कायद्याचा खरा कणा त्याच्या निधीत होता. व्यवसाय कराबरोबर मोटार वाहनांवर, उसाच्या खरेदीवर, बागायत जमिनीवर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर अधिभार बसवले गेले. त्यातून जे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची. म्हणजे दुष्काळ पडला आणि मागणी वाढली, तरी अर्थमंत्र्याला 'तरतूद संपली' असं म्हणता येऊ नये. विधिमंडळाची एक स्वतंत्र रोजगार हमी योजना (रोहयो) समिती नेमली गेली. तिचे सदस्य जिल्ह्याजिल्ह्यात फिरून कामं बघत, आणि समिती येणार म्हटल्यावर ओव्हरसियरची मापपुस्तिका रातोरात भरली जाई. तरी तिचा धाक होता.

योजनेबद्दल उगाच गहिवरून येण्याचं कारण नाही. पन्नास मजूर जमल्याशिवाय काम सुरू होत नसे, त्यामुळे वाडीवस्तीवरच्या दहा-बारा घरांना कायद्याचा उपयोग नव्हता. पाझर तलावाचं पाणी ज्याची खाली विहीर आहे त्याला मिळे, तो बहुधा मजूर नसे. बागायतदार पुढाऱ्यांनी या कायद्याला विरोध केला नाही याचं एक कारण हे, आणि दुसरं कारण मुंबईवर पडणारा लोंढा अडवण्याचं. बोगस मस्टर, मेलेल्या माणसांच्या हजेऱ्या, पगाराला सहा-सहा आठवडे उशीर हेही सगळं होतं. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरणारी होती. कामावर बायका मोठ्या संख्येने येत. दर कामाच्या मापावर असल्याने बाईचा आणि पुरुषाचा दर एकच. जवळच्या शेतात बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळत असताना सरकारी चौकडीत मात्र मातीचं माप बाईचं की पुरुषाचं हे बघत नव्हतं. परित्यक्ता, विधवा बायकांसाठी तर हे काम म्हणजे कुणाच्या दारात न जाता मिळणारा पैसा होता.

मग १९८८ साल आलं. किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं आणि रोहयोची मजुरीही त्याबरोबर वाढवावी लागली. मजुरांच्या दृष्टीने हा मोठा विजय. पण त्या दशकाच्या मध्याला वर्षाकाठी अठरा कोटींच्या घरात गेलेले मनुष्यदिवस दशक संपताना निम्म्याहून खाली आले. पाऊस बरा झाला हे त्याचं एक कारण. पण अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू मांडली: मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढले, आणि सरकारने काम रेशनसारखं मोजून द्यायला सुरुवात केली. कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. कामं उशिरा काढायची, लांब काढायची, शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, कामच नाही असं सांगायचं. हमी मोडायला कायदा बदलावा लागत नाही, हा धडा तेव्हाचा. पुढे तर उलटा विनोद झाला. रोजगार हमीच्या नावाने कर गोळा होतच राहिला, कामावरचा खर्च मात्र त्याच्याशी गाठ घालेना.

१९९० पासून रोहयोला फळबागांची जोड मिळाली. आपल्याच बांधावर आंबा, डाळिंब, काजू लावायचा, खड्डे खोदायचे आणि मजुरी रोहयोतून घ्यायची. कोकणातला काजू, सांगोल्यातलं डाळिंब यांच्या मागे ही योजना आहे. आजही राज्याच्या मंत्रिमंडळात 'रोजगार हमी आणि फलोत्पादन' असं एकत्र खातं आहे ते याचमुळे. जमीन असलेल्याचं भलं झालं. भूमिहीनाला खड्डे खोदण्याचे चार दिवस मिळाले, फळं मिळाली नाहीत.

देशाच्या पातळीवर हीच कल्पना पोचायला २००५ साल उजाडलं. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवाया, २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला अन्न अधिकाराचा खटला, आणि ज्याँ द्रेझ, अरुणा रॉय यांच्यासारख्यांचा पाठपुरावा या सगळ्यांतून राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात त्याची सुरुवात झाली, आधी २०० जिल्हे आणि १ एप्रिल २००८ पासून सगळे ग्रामीण जिल्हे. नावापुढे महात्मा गांधी २००९ मध्ये लागले आणि योजना 'मनरेगा' झाली. महाराष्ट्राकडून हमी घेतली, पण दिवसांना लगाम घातला: कुटुंबाला वर्षाला १००. महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा सुधारून ठेवला आणि शंभराच्या पुढचे दिवस राज्य देईल असं म्हटलं.

केंद्राच्या कायद्यात मजुराच्या बाजूच्या बऱ्याच गोष्टी होत्या. ठेकेदाराला बंदी, मजुरी आणि साहित्याचं ६०:४० प्रमाण, पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता, पंधरा दिवसांत मजुरी नाही मिळाली तर भरपाई, ग्रामसभेसमोर सामाजिक अंकेक्षण. आणि मुख्य म्हणजे अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर, साहित्याचा तीन चतुर्थांश केंद्रावर. राज्याने काम काढलं तर पैसा दिल्लीचा, काम नाही काढलं तर बेकारी भत्ता राज्याच्या खिशातून. ही मेख फार हुशारीने मारलेली होती. गरीब राज्यालाही काम काढणं परवडावं आणि न काढणं परवडू नये.

याची परीक्षा २०२० मध्ये झाली. टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसं पायी गावी गेली. केंद्राने त्या वर्षासाठी ६१,५०० कोटी ठेवले होते. सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. साडेसात कोटींहून जास्त कुटुंबांनी काम केलं. ज्या योजनेला पंतप्रधानांनी २०१५ मध्ये लोकसभेत काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक म्हटलं होतं, तीच त्या वर्षी हाताशी होती. ती वर्षाच्या मध्यात जवळजवळ दुप्पट करता आली, कारण कायद्याने तिचं तोंड उघडं ठेवलेलं होतं. आणि तरीही, सगळ्यात मोठ्या त्या वर्षातसुद्धा कुटुंबामागे सरासरी काम मिळालं ते पन्नास दिवसांच्या आसपास. शंभराची हमी असताना पन्नास. सव्वाशेच्या घोषणेकडे बघताना हा आकडा समोर ठेवावा.

उरलेले पन्नास दिवस जातात कुठे, हे बघायला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जावं लागतं. काम मागायचं तर नमुना ४ भरायचा आणि नमुना ५ ची तारखेची पावती घ्यायची. ती पावती हाच मजुराचा एकमेव पुरावा, आणि तीच त्याला मिळत नाही. काम उपलब्ध झालं की त्या दिवशीची मागणी संगणकावर चढते. मग कागदोपत्री मागणी आणि पुरवठा यांचा इतका सुंदर मेळ बसतो, की बेकारी भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. ग्रामरोजगार सेवकाला दोष देऊन उपयोग नाही. तो तुटपुंज्या मानधनावर राबणारा, वरून आलेला निरोप खाली पोचवणारा माणूस आहे.

गेल्या काही वर्षांत यात मोबाइल आला. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढून अॅपवर चढवायचा. मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात नेटवर्क शोधत टेकडीवर चढायचं आणि फोटो गेला नाही तर हजेरी बुडाली. चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयानेच पत्रक काढून सांगितलं, की भलतेच फोटो, फोटोचा फोटो असे प्रकार सर्रास चालले आहेत. १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच मजुरी सक्तीची झाली. चोराला पळवाट सापडते, नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने अडकते ती मजूर बाई.

आणि मराठवाड्यात योजनेचं रूपच पालटलं. चर्चा मजुरीची कमी, विहिरीची जास्त. सिंचन विहीर, गाईचा गोठा, पाणंद रस्ता. वैयक्तिक लाभाची कामं वाईट नाहीत, कोरडवाहू शेतकऱ्याला विहीर हीच खरी हमी वाटते. पण विहिरीला पोकलेन लागतो आणि कायद्याला मजुराची हजेरी लागते. मग रात्री यंत्र आणि दिवसा मस्टर हे सगळ्यांना ठाऊक असलेलं गणित बसतं. मंजुरीच्या टेबलावर काय चालतं, हे २०२३ मध्ये फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर एका तरुण सरपंचाने लाचेचा आरोप करत नोटा उधळून दाखवलं.

बीडच्या ऊसतोड मजुराला तर या हमीचा हिशेब कधी जुळलाच नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, उचल देतो, ती लाखाच्या घरात. लग्न, आजारपण, सावकार सगळं त्या उचलीवर भागतं. सरकार मात्र काम करून घेतल्यावर, कधी महिन्याने, ३१२ रुपये रोज देतं. २०२५-२६ साठी केंद्राने महाराष्ट्राला ठरवून दिलेला हा दर. मुकादम आधी देतो आणि सरकार नंतर, या एका कारणाने माणूस सरकारला सोडून मुकादमाकडे जातो. धोरण आखणाऱ्यांनी हे मनावर घेतल्याचं दिसत नाही.

त्याच सरकारांनी मनावर घेतलंय ते थेट खात्यात पैसे टाकणं. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,०००, त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे, आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००, म्हणजे वर्षाला १८,०००. आता ३१२ ने पन्नास दिवसांना गुणलं तर १५,६०० येतात. घरबसल्या अठरा हजार आणि उन्हात माती उपसून पंधरा. कुणी काय निवडावं हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बाईच्या खात्यात तिच्या नावाने पैसे येणं ही चांगली गोष्ट आहे, मी तिच्यावर टीका करणार नाही. फक्त एक फरक नोंदवतो. पैसे जमा झाल्याचा संदेश प्रत्येकीला तिच्या घरी, एकटीला येतो. हप्ता थांबला तरी ती एकटीच बँकेत चौकशी करते. रोहयोच्या कामावर शंभर बायका एकत्र असायच्या आणि पगार अडला की शंभरजणी तहसीलच्या पायरीवर बसायच्या. राज्यकर्त्यांना यातलं कोणतं चित्र सोयीचं वाटतं हे उघड आहे. शिवाय हप्त्यातून पाझर तलाव होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुना कायदा बाजूला सारून 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' हा नवा कायदा संमत केला. विधेयक मांडल्यापासून आठवडाभरात दोन्ही सभागृहं पार झाली आणि २१ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गांधींचं नाव गेलं यावर सर्वांत जास्त गदारोळ झाला. माझ्या मते खरी गोष्ट नावात नाही, पैशाच्या कलमांत आहे. आता खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४०. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१०. कोणत्या राज्याला किती द्यायचे हे केंद्र आपल्या निकषांवर आधीच ठरवणार, आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. विधेयकासोबतच्या अंदाजात वर्षाचा एकूण खर्च सुमारे १ लाख ५१ हजार कोटी आणि त्यात केंद्राचा वाटा सुमारे ९५ हजार ७०० कोटी दाखवला आहे. पेरणी-काढणीच्या काळात मिळून साठ दिवस कामं बंद ठेवता येतील.

या साठ दिवसांवर शेतकरी खूश आहेत. कापूस वेचायला बायका मिळत नाहीत ही विदर्भाची तक्रार खरी आहे, आणि रोहयोने शेतीच्या हंगामात मजूर ओढू नयेत हा विचार जुन्या योजनेतही होता. पण हंगामात बाईला शेतमालकाशी दर ठरवताना जे बळ मिळतं ते 'नाहीतर मी सरकारी कामावर जाते' या एका वाक्याने, आणि ते वाक्य नेमकं त्या साठ दिवसांत तिच्या तोंडून काढून घेतलं आहे.

नव्या कायद्याच्या बाजूने म्हटलं जातं, की राज्याचे स्वतःचे पैसे लागले की ते चोरी होऊ देणार नाही. महाराष्ट्राचा अनुभव या मुद्द्याला थोडा आधार देतो. जेव्हा सगळा पैसा राज्याचा होता तेव्हा विधिमंडळाची समिती खरोखर बांधावर जात होती. पण तेव्हा राज्याने त्यासाठी वेगळा कर बसवला होता. बिहार, झारखंड, ओडिशा यांनी चाळीस टक्के कुठून आणायचे? आणि महाराष्ट्राने तरी? लाडक्या बहिणीचा खर्च भागवताना इतर खात्यांचा निधी वळवल्याच्या तक्रारी मंत्रीच करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने माती खरडून गेली, तेव्हा राज्याने हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम मनरेगातून करू असं सांगितलं, कारण ती दिल्लीची उघडी थैली होती. अशा वेळी पुढच्या पुरात बोट कुठे दाखवायचं?

उघडी थैलीही केंद्राला बंद करता येत होती, हे पश्चिम बंगालने पाहिलं. गैरव्यवहाराच्या कारणावरून मार्च २०२२ पासून त्या राज्याचा निधी थांबला तो तीन वर्षांहून जास्त काळ, आणि चोरी न केलेल्या मजुरांचंही काम गेलं. तिथे निदान कोर्टात जाऊन 'आमचा हक्क आहे' असं म्हणता आलं. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने योजना पुन्हा सुरू करायला सांगितली आणि सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचं अपील फेटाळलं. वाटपाचा आकडाच आधी ठरलेला असेल तर मजूर कोर्टात नेमकं काय मागणार?

महाराष्ट्राकडे मात्र अजून स्वतःचा १९७७ चा कायदा आहे आणि व्यवसाय कर आजही वसूल होतो. त्या कराचा पैसा पुन्हा कामाच्या हमीला बांधावा, केंद्राचं वाटप संपल्यावरची मागणी त्यातून भागवावी आणि प्रत्येक नमुना ४ ची तारखेसह पावती सक्तीची करावी. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. विधिमंडळाच्या रोहयो समितीने पुढच्या अधिवेशनात सरकारकडून एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर घ्यावं: जानेवारीत वाटप संपलं आणि फेब्रुवारीत काम मागायला बाई दारात आली, तर तहसीलदाराने तिला काय सांगायचं?